सिदूतात्यांचे सत्तावीस दात

आधी एक कोडं सोडवा. माणसाच्या तोंडात दुधाचे दात किती येतात? हाताची बोटं पुरणार नाहीत, पायाचीही घ्या, कारण उत्तर वीस आहे. वर दहा, खाली दहा. कलेक्टरच्या पोराला वीस आणि मेंढक्याच्या पोरालाही वीस, इथे कुणाची वशिलेबाजी चालत नाही. मग सोनटेक गावच्या सिद्धेश्वर वीरकर नावाच्या मुलाने एका डॉक्टरीणबाईंना आपले दुधाचे दात दिले, ते सत्तावीस कसे भरले?

राहू द्या, एवढ्यात नाही सुटायचं. ते सुटलं म्हणून एक अख्खं गाव उठता उठता राहिलं, तेव्हा हकिकत पहिल्यापासूनच सांगितलेली बरी.

ही गोष्ट घडायला अजून पुष्कळ वर्षं आहेत. मग मला ती आत्ताच कशी कळली असं विचारू नका, गोष्ट सांगणाऱ्यांना अशा सवलती असतात. तेव्हा माणदेशातल्या सोनटेकात प्रत्येक घरावर उन्हाची वीज होती, बाजाराला जायला आवाज न करणारी बस होती, प्लॅस्टिकची भांडी कधीच हद्दपार झाली होती आणि फळ्यांवर पुन्हा तांब्यापितळेची भांडी चमकत होती. बकऱ्या मात्र होत्या तशाच होत्या, दिसेल ते खाणाऱ्या आणि कुणाचंही न ऐकणाऱ्या.

या गावात चैत्राली वीरकर राहायची, सगळे तिला चैत्रा म्हणत. वय दहा, उजवीकडची एक दुधाची दाढ हलत असलेली, आणि ती जिभेने सारखी हलवत बसण्याची वाईट सवय. घरात आई, आबा म्हणजे तिचे वडील, आजोबा सिदूतात्या आणि पाच वर्षांचा बिरू. बिरू म्हणजे घरातलं शेंडेफळ, एरवी दिवसभर भिंगरीसारखा फिरणारा. पण त्या वर्षी तो मलूल झाला. पोट दुखतं म्हणायचा, भाकरी बाजूला सारायचा, आणि आधी घडाघडा म्हणायचा ते अंक मध्येच विसरून आईच्या तोंडाकडे बघत राहायचा. गावातल्या सगळ्याच लहान मुलांची थोडीफार हीच तऱ्हा होती. आरोग्य केंद्रात रक्त तपासलं तेव्हा त्यात शिसं (एक जड, मऊ धातू, तो पोटात गेला की विषासारखा वागतो आणि मोठ्यांपेक्षा लहानांना जास्त बाधतो) सापडलं.

मग जिल्ह्याची समिती आली. तिच्या प्रमुख इनामदार मॅडम. बाई मनाने चांगल्या, कामाला चोख. त्यांनी विहिरीचं पाणी तपासलं, ते स्वच्छ निघालं. अंगणांतली माती तपासली, तर तिच्यात शिसं होतं. आता ही माती आली कुठून? पाच वर्षांपूर्वी रुंद रस्त्यासाठी गावामागची टेकडी कापली होती आणि तिचा मुरूम गल्लीगल्लीत, अंगणाअंगणात पसरला होता. टेकडी तर आता राहिलीच नव्हती, तिच्या जागी बसचं आगार उभं होतं. टेकडीच्या पोटातच शिसं असणार आणि आता ते गावभर झालं, असा समितीचा अंदाज होता. तसं असेल तर सोनटेकात लहान मुलं वाढवणं धोक्याचं. पाडव्याच्या आत गाव उठवायचं आणि दूर धरणापलीकडे नवी वसाहत द्यायची, अशी बोलणी सुरू झाली.

सिदूतात्यांचं त्या दिवसापासून जेवणावरचं मन उडालं. चैत्राचीही झोप उडाली. तिला बिरू बरा व्हायला हवा होता आणि गावही हवं होतं, आणि मोठी माणसं तर या दोन्हींतलं एकच मिळेल असं बोलत होती.

शेवटच्या ग्रामसभेत इनामदार मॅडम हताश होऊन म्हणाल्या, "साठ वर्षांपूर्वीच्या इथल्या मुलांच्या अंगात शिसं होतं की नव्हतं, एवढं जरी कळलं असतं तरी धागा सापडला असता. पण तेव्हाच्या मुलांचं रक्त आता आणायचं कुठून?"

हा प्रश्न चैत्राच्या डोक्यात जो घुसला तो काही केल्या बाहेर निघेना. घरी आली तर बिरू तात्यांच्या पत्र्याच्या पेटीतले भोवरे ओळीने मांडून बसला होता. लाल, हिरवे, पिवळे, लाखेचा रंग दिलेले जुने भोवरे, चांगला मोठा ढीग. तिने सहज विचारलं की एका मुलाला एवढे भोवरे घेऊन कुणी दिले. तात्या सुपारी कातरत म्हणाले, दातवाल्या बाईंनी.

मग कळलं ते असं. सोनटेकात रीत होती, की दुधाचा दात पडला की तो उंदराच्या बिळात टाकायचा आणि उंदराला त्याच्यासारखा नवा, बारीक, धारदार दात मागायचा. तात्या लहान असताना गावात एक तरुण डॉक्टरीणबाई आल्या. त्यांनी शाळेत सांगितलं की उंदराकडे आधीच भरपूर दात आहेत, तुमचे मला द्या. प्रत्येक दातामागे एक भोवरा. उंदराने आजवर कुणाला भोवरा दिला नव्हता, त्यामुळे पोरांनी रातोरात बाजू बदलली.

"मग त्या दातांचं काय केलं त्यांनी?" चैत्राने विचारलं.

"मला काय ठावं? ठिवलं असतील कुठंतरी," तात्या म्हणाले आणि त्यांनी विषय बदलला.

चैत्राने मात्र विषय सोडला नाही. शाळेतल्या बाईंनी शोधाशोध केली आणि त्या डॉक्टरीणबाई सापडल्या. डॉ. यामिनी सोहोनी, वय नव्वदीला टेकलेलं, मुक्काम सातारा. पडद्यावर त्यांचा सुरकुतलेला, हसरा चेहरा उमटला. त्या म्हणाल्या, दात आहेत की, सगळेच्या सगळे आहेत, या बघायला, आणि त्या सिद्धूलाही घेऊन या. हे ऐकल्यावर तात्यांचा गुडघा एकदम दुखायला लागला. मग एक शेळी विणार आहे असं निघालं. मग बस लागते असं निघालं. चैत्राने एकेक सबब खोडून काढली आणि दुसऱ्या दिवशी सकाळच्या बसमध्ये त्यांना खिडकीशी बसवलं.

सोहोनी आजी एका नमुनाघराच्या आवारात राहायच्या. नमुनाघर म्हणजे अभ्यासासाठी गोळा केलेल्या वस्तू लेबलं लावून, ऊन, ओल आणि वाळवीपासून जपून ठेवण्याची जागा. आत गारवा होता आणि जमिनीपासून छतापर्यंत खणच खण. कुठे बियाणं, कुठे नदीचा गाळ, कुठे पक्ष्यांची पिसं. छताला लटकलेल्या रुळांवरून लांब हातांचा एक यंत्रमानव सरकत आला. त्याचं नाव भांडारी. त्याने आधी दोघांना हात धुवायला लावले, मग कोरडे पुसायला लावले, मग ते कोरडे झालेत की नाही हे बघितलं, आणि मगच आत घेतलं. आमच्या शाळेत असा एक शिपाई होता, त्याची आठवण झाली.

आजींनी तात्यांना वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि तोंडभर हसल्या. ती कवळी होती. दातांवर जन्म घालवलेल्या बाईच्या तोंडात स्वतःचा एकही दात नव्हता, आणि हे त्यांनीच मोठ्या खुशीत सांगून टाकलं.

भांडारीने एक उथळ खण काढला. कापसावर बारीक बारीक दात, आणि प्रत्येकाशेजारी एक चिठ्ठी. कुणाचा, कधी पडला, घर कुठे, पाणी कुठलं पितो. चैत्राला त्यात गावातली ओळखीची नावं दिसली. काठी टेकत चालणारे गणपाअण्णा, रोज भांडणारी सुंद्राआजी. त्यांना कधीकाळी दुधाचे दात होते हेच मुळी तिला खरं वाटेना.

तिने विचारलं की हे शिसं शोधायलाच जमवले होते का. आजींनी मान हलवली. त्यांना तेव्हा फक्त एवढंच पाहायचं होतं की गावातल्या मुलांचे दात किती किडतात. ते काम पाच-सहा वर्षांत संपलं, त्यावर एक लेख छापून आला आणि तो बहुधा छापणाऱ्यानेच वाचला. मग सगळे म्हणायला लागले की फोटो काढलेत, मापं घेतलीत, आकडे संगणकात आहेत, आता ही अडगळ टाकून द्या. दोनदा खण रिकामे करायचा हुकूम आला. दोन्ही वेळा आजींनी दात घरी नेऊन धान्याच्या कोठीशेजारी ठेवले, आणि हुकूम देणारा बदलून गेला की परत आणले.

"फोटो का नाही पुरत?" चैत्राने विचारलं.

"फोटोला तोच प्रश्न विचारता येतो जो काढणाऱ्याच्या मनात होता," आजी म्हणाल्या. "मी किडीचे फोटो काढले, त्यात कीडच दिसणार. तू आज शिशाचं विचारायला आलीस. त्याचं उत्तर फोटोत नाही. ते दातात आहे."

मग त्यांनी दाताची गंमत समजावून सांगितली. भांडारीने पडद्यावर एका दाताचा आतला भाग मोठा करून दाखवला. त्यात थरावर थर होते, झाडाच्या खोडात वर्तुळं असतात ना, तसे. आजी म्हणाल्या की दात आईच्या पोटातच तयार व्हायला लागतो आणि मग थोडा थोडा भरत जातो. एका जागी ठळक रेघ होती. ती जन्मरेषा (बाळ जन्मलं त्या दिवसांत दातात उमटलेली खूण). तिच्या अलीकडचं सगळं जन्माआधीचं, पलीकडचं जन्मानंतरचं. आणि अगदी आतला, गाभ्याला लागून असलेला थर सगळ्यात नंतरचा, दात पडेपर्यंत तो हळूहळू भरत राहतो. शरीराला दात बांधायला कॅल्शियम (दूध, नाचणी यांतून मिळणारा, हाडं आणि दात ज्याने बनतात तो पदार्थ) लागतो. शिसं पोटात गेलं तर शरीर फसतं, त्याला कॅल्शियम समजतं आणि दाताच्या भिंतीत बसवून टाकतं. एकदा बसलं की ते तिथेच. रक्त बदलत राहतं, दाताचा थर बदलत नाही.

"म्हणजे दात विसरत नाही," चैत्रा म्हणाली. आजींनी तिच्या पाठीवर हात ठेवला.

तपासणी करायला किती वेळ लागला असेल? आपला चहा होईतो. भांडारीने प्रकाशाच्या सुईसारख्या बारीक झोताने एकेका दाताचा कण काढला, मोहरीच्या दाण्याहूनही लहान, आणि दात पुन्हा कापसावर ठेवला. आजी सांगत होत्या की त्यांच्या तरुणपणी हेच करायचं तर मूठभर दात कुटून त्यांचं पीठ करावं लागलं असतं. त्यांच्या वरिष्ठांनी तसा आग्रहही धरला होता. पण आपल्यानंतर येतील त्यांच्याकडे आपल्यापेक्षा चांगली यंत्रं असणार, मग त्यांच्यासाठी काही शिल्लक ठेवायला नको का, असं वाटून आजी अडून बसल्या होत्या.

उत्तर आलं. साठ वर्षांपूर्वीच्या सोनटेकच्या मुलांच्या दातांत शिसं जवळजवळ नव्हतंच. चैत्राने टाळीच वाजवली. तिने ताबडतोब इनामदार मॅडमना पडद्यावर बोलावून सगळं सांगितलं. मॅडमनी शांतपणे ऐकून घेतलं, तिचं कौतुकही केलं, आणि मग हलक्या आवाजात म्हणाल्या की बाळ, सभेत मीच धागा म्हणाले होते खरं, पण यावरून एवढंच कळतं की विहिरीचं पाणी तेव्हाही चांगलं होतं. टेकडीचा मुरूम तेव्हा अंगणात आला कुठे होता? ही मुलं खाली विहिरीपाशी वाढली. टेकडीबद्दल त्यांचे दात काय सांगणार? आणि टेकडी तर आता नाही, तिची माती म्हणून अंगणातली तपासावी, तर तिच्यात शिसं आहेच.

चैत्राचा चेहरा पडला. बोलणं बिनतोड होतं. ती जिभेने दाढ हलवू लागली. तात्यांनी पटका काढला आणि पुन्हा बांधला.

तेवढ्यात रुळावरून आवाज आला. भांडारीला मघापासून एक शंका छळत होती. एका दात्याच्या नावावर विसंगती आहे, तो म्हणाला. सिद्धेश्वर वीरकर यांनी सत्तावीस दुधाचे दात दिलेले आहेत. माणसाला वीसच असतात. अकरा या खणात आहेत, सोळा वेगळ्या डबीत. डबी काढू का?

सिदूतात्या पटक्याच्या टोकाशी चाळा करू लागले. सत्तर वर्षांचा माणूस, पण चेहरा अगदी फळ्यासमोर उभ्या केलेल्या पोरासारखा झाला. गुडघा का दुखत होता ते चैत्राला आत्ता कळलं.

डबीत खरंच सोळा दात होते, चपटे आणि लांबट. तात्या पुटपुटले की घरात आपल्या आजीची सक्ती होती, दात उंदरालाच जायला पाहिजे, नाहीतर नवा वाकडा येतो. म्हणून निम्मे उंदराला गेले. आणि भोवरे तर हवे होते. बकऱ्यांच्या वाड्यावर करडांचे पडलेले दात सापडायचे, काही मेलेल्या बकरीच्या जबड्यातून काढले. बाई शहरातल्या, त्यांना काय कळणार, असं तेव्हा वाटलं होतं.

"सिद्धू, मी दातांची डॉक्टर होते रे," आजी म्हणाल्या आणि त्यांना इतकं हसू आलं की कवळी सावरावी लागली. त्यांनी डबीवरची चिठ्ठी चैत्राच्या हातात दिली. वळणदार अक्षरात लिहिलं होतं: बकरीचे दात. देणारा सिद्धेश्वर वीरकर. बकऱ्या टेकडीवर चरतात. मुलाला कळू देऊ नये, भोवरा द्यावा. तरीही ठेवावेत.

तात्यांनी तिच्या खांद्यावरून ते वाचलं. त्यांनी डोळ्यांना पटक्याचं टोक लावलं. एवढ्या वर्षांत त्यांना ती लबाडी अधूनमधून टोचत आली होती, आणि इथे ती कापसात गुंडाळून, नाव घालून, मायेने जपून ठेवलेली होती.

पण चैत्राचं लक्ष एकाच ओळीवर खिळलं होतं. तिने तात्यांना विचारलं की बकऱ्या खरंच टेकडीवर चरायच्या का. तात्या म्हणाले, दुसरं हिरवं होतंच कुठं, दिवस उजाडल्यापासून मावळेपर्यंत टेकडीवरच. तिने आजींना विचारलं की बकरी गवत खाते तेव्हा माती पोटात जाते का. आजी खुर्चीत सावरून बसल्या. गवताबरोबर धूळ जाते, मुळाबरोबर माती जाते, टेकडीवरच्या डबक्याचं पाणीही जातं, त्या म्हणाल्या, आणि बकरीच्या दातांतही शिसं असंच साठतं.

टेकडी गेली होती, झाडंही गेली होती. टेकडीने काय खाऊ घातलं हे सांगणारे एवढे सोळाच साक्षीदार जगात उरले होते, आणि ते एका पोराने भोवऱ्यासाठी फसवून दिलेले होते.

भांडारीने एकेक दात उचलला. या वेळी चहा कुणीच प्यायला नाही. सोळाच्या सोळा दात स्वच्छ निघाले.

इनामदार मॅडमनी ते आकडे दोनदा वाचले. मग चष्मा काढला आणि म्हणाल्या की टेकडी निर्दोष आहे, मी समितीला तसं कळवते. पण शिसं कुठून तरी येतंय हे खरं. ते सापडलं नाही तर गाव उठवावंच लागेल.

आता आजी चैत्राकडे वळल्या. ती दाढ मघापासून हलवते आहेस, त्या म्हणाल्या, देतेस का? चैत्राने डोळे मिटले, बोटात धरली, पिरगाळली आणि ओढली. थोडं रक्त आलं, थोडं पाणी डोळ्यांत आलं, आणि दाढ भांडारीच्या पोलादी तळहातावर गेली. पडद्यावर तिचं सगळं बालपण थराथरात उभं राहिलं. जन्मरेषेच्या अलीकडे स्वच्छ. पलीकडेही स्वच्छ. आणि सगळ्यात आतल्या, सगळ्यात नव्या थरात मात्र शिसंच शिसं.

"गेल्या चार-पाच वर्षांतलं," आजी म्हणाल्या. "त्या सुमाराला तुमच्या गावात नवीन काय आलं, सांग बघू. रस्ता सोडून."

चैत्रा आठवू लागली. आगार, पण ते गावाबाहेर. नवी शाळा, पण बिरू तर शाळेत जात नाही. आणि मग तिला आठवलं, आणि आठवलं नसतं तर बरं झालं असतं असं वाटलं.

आबांचं कल्हईचं यंत्र.

तांब्यापितळेच्या भांड्यात ताक, आमटी, चिंचेचं सार असं आंबट काही ठेवलं की ते धातूला खातं, कळकतं आणि बाधतं. म्हणून भांड्याला आतून कल्हई (कथील वितळवून दिलेला पातळ, पांढरा, चकचकीत लेप) करतात. प्लॅस्टिक गेलं, पितळ परत आलं, पण कल्हई करणारे उरले नव्हते. आबांच्या हातात कसब. त्यांनी स्वतः यंत्र बनवलं आणि गावातल्या प्रत्येक घरची भांडी चकचकीत करून दिली, एक पैसा न घेता. कथील महाग, म्हणून त्यांनी युक्ती काढली. शहराच्या भंगारात जुने संगणक आणि फोन पडलेले असत. त्यांच्या आतल्या सर्किटच्या पट्ट्यांवर तारा जोडायला लावलेला डाख (वितळवून सांधा जोडायचा मिश्रधातू) असतो, तो काढून वितळवला की हुबेहूब कथलासारखा दिसतो. टाकाऊतून टिकाऊ म्हणून आबांचा तालुक्याला सत्कार झाला होता, घरात फोटो होता.

तिने आजींना एवढंच विचारलं की जुन्या डाखात काय काय असतं. आजींनी तिच्याकडे पाहिलं आणि हळूच सांगितलं की कथील असतं, आणि बरोबरीने शिसं.

परतीच्या बसमध्ये चैत्राच्या डोक्यात तो डाखच घोळत होता. ती गप्प राहिली असती तर कुणाला कळलंही नसतं कदाचित. पण घरी पोचली तेव्हा बिरू पोट धरून आईच्या मांडीवर पडला होता, शेजारी पितळी गडव्यात ताक होतं. ते पाहिल्यावर तिला थांबता येईना. तिने आबांचा हात धरून त्यांना अंगणात नेलं आणि सगळं सांगितलं, दात, बकऱ्या, थर, डाख, न चुकता, न रडता. रडू शेवटी आलं.

आबांनी सगळं ऐकून घेतलं. मग ते आत गेले, फळीवरचा गडवा काढला, पातेली काढली, परात काढली, सत्काराच्या फोटोखालची कळशी काढली आणि सगळं अंगणात आणून उपडं घातलं. शेजारची माणसं जमली. आबांनी त्यांना हात जोडले आणि काय झालं ते स्वतःच्या तोंडाने सांगितलं.

"पोरी, तू बोललीस ते बरं केलंस," ते चैत्राला म्हणाले. "माझ्या हातानं झालं, आता माझ्याच हातानं निघू दे."

दुसऱ्या दिवशी इनामदार मॅडम आल्या. कल्हई तपासली, शिसं तिच्यातच होतं. अंगणातल्या मातीचं कोडंही सुटलं. बायका भांडी राखेने घासून धुवण अंगणात ओतायच्या, आणि समितीने माती नेमकी तिथूनच उचलली होती. मॅडमनी आपली चूक सगळ्यांसमोर कबूल केली. गावात कुणी आबांवर चिडलं नाही म्हणता येणार नाही. सुंद्राआजी तर चांगलीच चिडली. पण तिनेच आपली भांडी सगळ्यात आधी त्यांच्या दारात आणून ठेवली, कारण भांड्यांची नस त्यांच्याइतकी कुणाला ठाऊक होती? भांडी खरवडून निघाली, अंगणातली वरची माती उचलून सुरक्षित जागी गाडली गेली, सरकारने तपासलेलं शुद्ध कथील दिलं. गाव होतं तिथेच राहिलं. शिसं शरीरातून एका दिवसात जात नाही, बिरूला औषध आणि सकस जेवण घेत कित्येक महिने काढावे लागले. पण एके दिवशी तो शंभरपर्यंत न अडखळता मोजून गेला, आणि मग कुणी विचारलं नसतानाही पुन्हा मोजून दाखवायला लागला. तात्यांनी त्या दिवशी दोन भाकऱ्या जास्त खाल्ल्या.

पाडव्याला सगळे वीरकर साताऱ्याला गेले. आईने आजींसाठी पुरण नेलं होतं, बिनदातांनाही खाता येईल असं. तात्या आजींच्या पायाशी वाकले. त्यांना आभार मानायचे होते, म्हणून त्यांनी पत्र्याच्या पेटीतून आणलेले सोळा भोवरे पुढे केले आणि म्हणाले, हे माझ्या हक्काचे नव्हते. आजींनी ते परत त्यांच्या ओंजळीत ठेवले.

"या खणातल्या कुठल्याही दातापेक्षा तुझ्या बकरीचे जास्त कामाला आले, सिद्धू. मीच तुझे आभार मानते."

चैत्राची दाढ भांडारीने कापसावर ठेवली होती. एक कण सोडला तर ती पूर्ण शिल्लक होती. चिठ्ठी तिची तिने लिहायची होती. नाव, गाव, पाणी कुठलं, भांडी कुठली, सगळं तिने नीट लिहिलं. शेवटच्या ओळीशी ती थांबली. तिथे विचारलं होतं, नमुना कशासाठी ठेवला आहे. शिशाचा प्रश्न तर सुटला होता. तिने त्या उंच खणांकडे पाहिलं, गणपाअण्णांच्या दाताकडे पाहिलं, आणि अजून जन्मालाही न आलेल्या कुणाचा तरी विचार केला, जो एक दिवस हात धुऊन, कोरडे पुसून इथे येईल आणि आज कुणालाच न सुचलेलं काहीतरी विचारेल.

मग तिने लिहिलं: अजून माहीत नाही. तरीही ठेवावा.

आजींनी तिच्या तळहातावर एक लाल भोवरा ठेवला.